फडताळ, रुमाल आणि गटाची पेटी

कामं आटोपली असतील तर दोन घटका टेका. आटोपली नसतील तर हातातलं चालू ठेवा आणि कान इकडे द्या. आज आम्ही घरातल्या सामानाबद्दल बोलणार आहोत. पण ते भांड्याकुंड्यांचं नाही आणि खाट-कपाटाचंही नाही. पोथी, पुस्तक, वही ठेवायचं जे सामान असतं, त्याची आजची गोष्ट.

तुम्ही म्हणाल, आमच्या घरात असलं सामान कुठलं? आम्हीही आधी तेच म्हणालो. मग गटाच्या बैठकीत एकेकीनं आठवायला सुरुवात केली, आणि बघता बघता सामान जमा झालं.

पहिलं निघालं फडताळ. आपल्या खानदेशातली जुनी धाब्याची घरं आठवा. मातीच्या भिंती हात-दीड हात जाड. त्या भिंतीतच खण ठेवायचा, त्याला लाकडी दारं लावायची, की झालं फडताळ. खालच्या फळीवर मसाल्याच्या बरण्या, मधल्या फळीवर औषधाच्या बाटल्या, आणि सगळ्यात वर, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी, पोथी. जाड भिंतीमुळे आत उन्हाळ्यातही गार राहायचं. बाहेर जळगावचं ऊन पंचेचाळीसवर गेलं तरी आतल्या पोथीला त्याची झळ लागत नसे.

दुसरं निघालं पोथीचं कापड. जुनी पोथी आजच्या पुस्तकासारखी शिवलेली नसे. लांबट, सुटी पानं एकावर एक ठेवलेली. वर एक फळी, खाली एक फळी, म्हणजे कोपरे दुमडत नाहीत. आणि हे सगळं एका चौकोनी कापडात घट्ट बांधलेलं. त्या कापडाला आणि त्या गाठोड्यालाही म्हणायचे रुमाल. पेशवाईतले सरकारी कागद असेच रुमालात बांधून ठेवलेले होते. आजही पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. आता गंमत ऐका. ‘दप्तर’ हा शब्द फारसीतून आला. आधी त्याचा अर्थ कागदपत्रांची नोंदवही असा होता, मग कागदांचा साठा झाला, आणि आज आपली पोरं तो पाठीला अडकवून शाळेत जातात. ‘बस्ता’ही तसाच. लेकीच्या लग्नाचा बस्ता आपण बांधतो, पण कागदांच्या गाठोड्यालाही बस्ताच म्हणत. कापडाशिवाय कागद टिकत नव्हता, आणि कापड म्हटलं की घडी, गाठ आणि धुणं आलं. म्हणजे आलं बाईकडे.

तिसरी निघाली पोथी ठेवायची घडीची लाकडी ठेवण. उघडली की कात्रीसारखी उभी राहते आणि पोथी तिच्या मांडीवर बसते. पारायणाच्या वेळी तुम्ही ती पाहिली असेल. मुस्लीम घरांत तिला रेहाल म्हणतात, कुराण तिच्यावर ठेवतात. चांगला सुतार ती एकाच फळीतून काढतो. तिला खिळा नाही, बिजागरी नाही. फळी मधोमध अशी कापायची की दोन भाग एकमेकांत अडकलेलेच राहतात. पवित्र पुस्तक जमिनीला लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी कारागिरी.

आता आपल्या धुळ्याची गोष्ट. तिथं एक असं देऊळ आहे की त्याचं दैवतच हस्तलिखितं आहेत. त्याचं नाव समर्थ वाग्देवता मंदिर. वाग्देवता म्हणजे वाणीची देवी. शंकर श्रीकृष्ण देव, ज्यांना लोक नानासाहेब देव म्हणत, त्यांनी 1893 साली धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा काढली. पुढे त्यांनी महाराष्ट्रभरच्या रामदासी मठांतून जुनी बाडं आणि पोथ्या गोळा केल्या. ओल लागलेल्या, वाळवीनं धरलेल्या कागदांना त्यांनी घर दिलं, आणि त्या घराला देऊळ म्हटलं. समर्थ रामदासांच्या हातचं म्हणून सांगितलं जाणारं वाल्मीकी रामायणही तिथंच जपलेलं आहे.

त्याच धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 31 डिसेंबर 1926 रोजी देह ठेवला. हा माणूस आयुष्यभर गावोगाव हिंडला. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पेटीत, कुणाच्या अडगळीत जुने मोडी कागद पडले असतील ते शोधायचे, वाचायचे, उतरवून छापायचे, हेच काम. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं त्यांनी 22 खंड छापले, त्यातला पहिला 1898 सालचा. त्यांच्या मागे 1927 साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. त्यांनी जमवलेल्या कागदांचं कपाटच म्हणा ना ते.

मैत्रिणींनो, इथं आम्ही थांबलो आणि एकमेकींना विचारलं, या सगळ्या रुमालांत आणि बाडांत आपण बाया कुठे आहोत?

आहोत. पण ज्यांचं लिहिलेलं कुणीतरी जपलं, त्याच आहेत. समर्थांच्या शिष्या वेणाबाई घ्या. लहानपणी विधवा झाल्या, पुढे मिरजेचा मठ सांभाळला, ‘सीतास्वयंवर’ लिहिलं. मठामठांतून बाडं राहिली, उतरवून घेतली गेली, म्हणून आपल्याला आज वेणाबाई माहीत आहेत. मठ नसता, बाड नसतं, रुमाल नसता, तर वेणाबाईही नसत्या.

आणि आपल्या बहिणाबाई चौधरी? त्यांचा जन्म 1880 सालचा, जळगावजवळच्या आसोद्याचा. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या ओव्या-गाणी रचत गेल्या. त्यांच्याकडे फडताळ नाही, रुमाल नाही, वहीसुद्धा नाही. सगळं डोक्यात. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी त्यातली काही गाणी ऐकता ऐकता कागदावर उतरवून घेतली. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि 1952 साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. एवढं मोठं विद्यापीठ, पण त्यांचं नाव तिथवर पोचलं ते एका वहीमुळे. जी गाणी त्या वहीत उतरली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. तुमच्या आजीची किती गेली असतील, याचा हिशोब कोण ठेवणार?

आपल्याकडे आणखी एक पुस्तक असंच बोलण्यातून कागदावर आलं. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. 21 फेब्रुवारी ते 19 जून, असे 18 रविवार. तिथंच कैदेत असलेले साने गुरुजी ते उतरवून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ झालं. बोलणारा असतोच, मैत्रिणींनो. लिहून घेणारा आणि जपून ठेवणारा लागतो.

जरा दूरच्या मुलखात जाऊ या, कारण हे कोडं फक्त आपलं नाही. इंग्लंडमध्ये हेरफर्ड नावाच्या गावी मोठं चर्च आहे. तिथली जुनी पुस्तकं साखळदंडानं कपाटाला बांधलेली आहेत, आपण बैलाला दाव्यानं बांधतो तशी. ते कपाट 1611 सालचं. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली, म्हणून पुस्तकांची पाठ आत आणि पानांच्या कडा बाहेर. पुस्तक काढून तिथल्याच बाकावर वाचायचं, घरी न्यायचं नाही. पुस्तक महाग होतं, माणसावर भरवसा नव्हता.

आणि चीनमध्ये याच्या अगदी उलट. तिथल्या बौद्ध देवळांत फिरतं कपाट असे. उंच, आठ बाजूंचं, मधल्या खांबावर जात्यासारखं फिरणारं, आणि आत सगळे धर्मग्रंथ. ते काढायची कल्पना सहाव्या शतकातल्या फू नावाच्या एका साधूची असं सांगतात. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी कपाटाला हात लावून एक फेरा द्यायचा, म्हणजे सगळे ग्रंथ वाचल्याचं पुण्य. जपानमधल्या काही देवळांत आजही लोक असं कपाट फिरवतात. आमच्यातली एक म्हणाली, “पुण्य मिळालं, पण आत काय लिहिलंय ते कळलं का?” आम्ही सगळ्या हसलो, पण प्रश्न खरा होता. कपाट फिरवणं एक आणि ते उघडणं एक.

कपाट उघडायचं काम आपल्या शेजारच्याच एका माणसानं केलं. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड. त्यांचा जन्म 1863 सालचा, खानदेशच्या शिवेवरच्या कवळाण्याचा, मालेगाव तालुक्यातला. शेतकऱ्याचं पोर. 1875 साली दत्तक गेले तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्याच राजानं 1906 साली आपल्या राज्यभर मुला-मुलींना शिक्षण सक्तीचं केलं. आणि 1910 नंतर बडोदा राज्यात गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. पेटी गावात यायची, गावानं पुस्तकं वाचायची, मग ती पेटी परत जायची आणि दुसरी यायची. नेण्या-आणण्याचा खर्च राज्याचा. तिथं साखळी नव्हती, भरवसा होता. आजही नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानची ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना तशीच चालते. 2009 पासून शंभर शंभर पुस्तकांच्या पेट्या ठिकठिकाणी फिरतात. कुठल्याही गटाला हे जमण्यासारखं आहे.

आता आमच्या पेटीची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मान खाली जाते.

तुमच्यासारखीच आमच्या बचत गटाचीही पत्र्याची पेटी आहे. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीच्या घरी. आत बैठकीची वही, बचतीची वही, कर्जाची वही, पासबुक, शिक्का. या सगळ्याला आपण म्हणतो गटाचं दप्तर. बघा, पेशव्यांचाच शब्द. काही वर्षांपूर्वी पेटी भरली, झाकण बसेना. आम्ही सुरुवातीच्या वह्या काढल्या आणि रद्दीत घातल्या. किलोवर विकल्या. आलेल्या पैशांचा चहा केला आणि सगळ्यांनी मिळून प्यायला.

पुढे गटाला दहा वर्षं झाली तेव्हा आठवलं की आमच्यातल्या एक अक्का पहिल्या बैठकीला अंगठा उठवत होत्या. मग नातवाकडून नाव गिरवायला शिकल्या. एका महिन्यात अंगठा होता, पुढच्या महिन्यात सही आली. वाकडी, ओळीच्या खाली उतरलेली, पण सही. ते पान आम्हाला सगळ्यांना दाखवायचं होतं. पान कुठे होतं? चहात. अक्का काही बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं होतं, ते तुम्ही ठेवलं असेल.”

राजवाड्यांना माळ्यावर जे सापडत होतं, ते कुणीतरी टाकायचं राहून गेलेलं होतं. आम्ही टाकलं.

म्हणून मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. घरातली जुनी पेटी, ट्रंक, फडताळ उघडा. पोथी, मोडी कागद, आजीची वही, सासऱ्यांचं जुनं पत्र, काही निघालं तर नदीत सोडू नका, रद्दीत घालू नका. कागद उन्हात वाळत घालू नका, उन्हानं तो कडक होऊन तुटतो. सावलीत, वाऱ्यावर ठेवा. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ टिपा. फाटलं असेल तर चिकटपट्टी लावू नका, टाचणी असेल तर अलगद काढा, तिचा गंज कागद खातो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात बांधा, कारण खळीला कीड लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. कापडाच्या घडीत वेखंडाचा तुकडा किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवा. गाठोडं जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच येते. मोडी वाचता येत नसेल तर धुळ्याच्या राजवाडे मंडळासारख्या ठिकाणी दाखवा. देऊन टाकायचं नसेल तर निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आणि गटाच्या वह्या? पेटी भरली तर दुसरी पेटी घ्या. पहिल्या वर्षाची वही कधीच विकू नका. तिच्यात कोणी किती पैसे भरले एवढंच नसतं. कोणाच्या घरी बैठक झाली, कोणती बाई कशासाठी कर्ज घेत होती, पोराची फी होती की बी-बियाणं, आणि अंगठ्याची सही कधी झाली, सगळं तिच्यात असतं.

आम्ही या वर्षी एक चौकोनी रुमाल शिवला आहे. लाल सुती, चारी कोपऱ्यांना नाड्या. अक्कांनीच शिवला. उरलेल्या वह्या त्यात बांधल्या, आणि वरच्या कागदावर गटाचं नाव आणि साल घातलं. ते त्यांनीच लिहिलं, आता ओळ सरळ येते.

येतो आम्ही. राम राम.