अनोळखी ‘जेसन’ आणि ‘गो’ भाषेची शिस्त

संगणकांमधील माहितीच्या देवाणघेवाणीसाठी ‘जेसन’ ही मजकुराच्या स्वरूपातील पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास ती पुढे आणली आणि २०१३ मध्ये ‘एक्मा-४०४’ या मानकाद्वारे तिला अधिकृत रूप लाभले. महिरपी कंसात नाव व मूल्य यांच्या जोड्या, चौकोनी कंसात यादी, एवढाच तिचा पसारा. मात्र अमुक नावापुढे आकडाच येईल की मजकूर, याची हमी ती देत नाही.

‘गो’ भाषेला नेमकी हीच हमी हवी असते. रॉबर्ट ग्रिसेमर, रॉब पाइक व केन थॉम्प्सन यांनी गुगलमध्ये घडविलेली ही भाषा २००९ मध्ये जाहीर झाली. तिच्यात प्रत्येक व्हेरिएबलचा प्रकार प्रोग्राम चालण्यापूर्वीच निश्चित व्हावा लागतो. येणाऱ्या माहितीची रचना ठाऊक असल्यास ती ‘स्ट्रक्ट’ म्हणून आधीच लिहून ठेवता येते. ठाऊक नसेल तर? अशा वेळी माहिती रिकाम्या ‘इंटरफेस’मध्ये घेतली जाते. कोणताही माल सामावून घेणारा हा डबाच म्हणायचा. २०२२ मधील १.१८ या आवृत्तीपासून त्याला ‘एनी’ असे सुटसुटीत नावही मिळाले आहे. डब्यातील वस्तू बाहेर काढताना मात्र ती कोणत्या प्रकारची आहे, याची खातरजमा करावीच लागते. ती न करता प्रकार गृहीत धरला आणि अंदाज चुकला, तर चालता प्रोग्राम कोसळतो. तपासणी टळत नाही, केवळ लांबणीवर पडते.

आकड्यांचा धोका याहून घातक, कारण तेथे प्रोग्राम कोसळतही नाही. रिकाम्या इंटरफेसमध्ये आलेली प्रत्येक संख्या ‘गो’ भाषा ‘फ्लोट६४’ या दशांश संख्यांसाठीच्या प्रकारात साठवते. त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचेच सर्व पूर्णांक अचूक बसतात. त्यापुढचा, ९९३ ने संपणारा क्रमांक निमूटपणे ९९२ चा होतो. तो एखाद्याचा खातेक्रमांक असेल, तर नोंद भलत्याच खात्यावर जाऊ शकते. जावास्क्रिप्टमधील साध्या संख्यांनाही हीच मर्यादा आहे. त्यामुळेच ट्विटरने २०१० मध्ये संदेशांसाठी लांबलचक क्रमांकांची पद्धत आणताना तोच क्रमांक मजकूर म्हणूनही देण्यास प्रारंभ केला.

‘गो’मध्ये यावर ‘यूजनंबर’ ही सोय आहे. ती वापरल्यास संख्या जशी आली तशी, मजकूररूपात राहते. ‘रॉमेसेज’ ही दुसरी सोय अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल. संदेशाचा अनोळखी भाग तिच्यामुळे न उलगडता राखून ठेवता येतो. संदेश पैसे भरल्याचा आहे की परताव्याचा, हे आधी पाहायचे आणि मगच उरलेला भाग योग्य त्या ‘स्ट्रक्ट’मध्ये उलगडायचा.