सालीची पिपाणी

गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली, असं आपण सहज म्हणतो. आज अशाच चार दिवसांच्या एका पिपाणीचा इतिहास सांगते. ती आहे दूर युरोपातल्या नॉर्वे देशातली. तिकडे तिला सेल्येफ्लोयटे म्हणतात. सेल्ये म्हणजे आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातलं झाड.

नॉर्वेत बर्फ वितळलं की गुरं डोंगरावरच्या कुरणांत नेत. तिथल्या उन्हाळी गोठ्यावरचा कारभार मुख्यतः बायकांचा. धारा काढायच्या, लोणी काढायचं, चीज करायचं. गुरांमागे पोरंसोरं. वर जायच्या सुमारास झाडात नवा रस चढतो आणि साल सुटी होते. तेव्हा हात-दीड हात लांबीची, बिनगाठीची सरळ फांदी कापायची. साल ओली करून सुरीच्या मुठीने सगळीकडून हलकेच ठोकायची आणि पिळा देऊन अख्खी नळी ओढून काढायची. घाई केली तर साल फाटते. आतल्या लाकडाचा तुकडा एका अंगाने जरासा तासून तोंडाशी बूच म्हणून बसवायचा, म्हणजे फुंकर जायला फट राहते. पुढे सालीला खाच पाडली की झाली पिपाणी.

हिला बोटांची भोकं नसतात. मग सूर कसे लावायचे? नळी लांब ठेवली तर सूर खालचा, आखूड केली तर वरचा. बाकीचं काम फुंकर कमीजास्त करून आणि खालचं तोंड बोटाने झाकून-उघडून होतं. निघणारे सूर निसर्गाने ठरवलेले. त्यातला मध्यम तर पेटीच्या शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या अधेमधे पडतो. पेटीवर गाणाऱ्याला तो बेसूरच वाटेल!

नॉर्वेतल्या खेड्यांतली जुनी गाणीही अशाच सुरांची होती. तेलेमार्क भागातले संगीतकार आयविंद ग्रोवेन यांनी 1927 साली पुस्तक लिहून मांडलं, की या गाण्यांचे सूर चुकीचे नाहीत, ते या पिपाणीत मिळतात तेच नैसर्गिक सूर आहेत. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याही जात्यावरच्या आवाजाला कुणी पेटीच्या मापाने मोजायला बसलं, तर काय होईल?

साल वाळली की आक्रसते, तडकते. पाण्यात ठेवून थोडे दिवस टिकवतात, एवढंच. त्यामुळे दरवर्षी पुन्हा करावी लागते, आणि माझ्या मते म्हणूनच ती करण्याची रीत हातातून हातात राहिली. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने नॉर्वे आणि स्वीडनच्या उन्हाळी गोठ्यांची परंपरा जगाच्या वारशात नोंदवली. त्यात कुठली इमारत नाही. गुरं चारण्याचं आणि दुधाचे पदार्थ करण्याचं ज्ञान आहे.

आता प्लास्टिकच्या नळीचीही पिपाणी मिळते, ती बारा महिने वाजते. सालीची मात्र अजून रस चढेल तेव्हाच.