शिवणीतली माया

शिंपीकामात 'माया' नावाचा एक शब्द आहे. पोलके शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड मुडपून ठेवतात, त्याला माया म्हणतात. पुढेमागे अंग भरले तर शिवण उसवायची, मायेतले बोटभर कापड मोकळे करायचे आणि तेच पोलके पुन्हा घालायचे. कारखान्यातल्या तयार कपड्यांत ही माया फारशी नसते. तिथे कापडाचे थरावर थर रचून एकदम कापणी होते आणि प्रत्येक नगामागे वाचलेले बोटभर कापड हिशेबात जमा होते. स्थूल अंगाच्या स्त्रीला आपल्याला शोभेल असे वस्त्र सहज का मिळत नाही, या प्रश्नाचे उत्तर तिच्या अंगापेक्षा मापाच्या इतिहासात शोधणे अधिक योग्य ठरेल. माप आधी कापडाचे होते, मग ते शरीराचे झाले आणि शेवटी साच्याचे झाले. सेलूसारख्या गावात हे तीनही टप्पे पाच-सहा पिढ्यांच्या आत येऊन गेले.

सेलू हे परभणी जिल्ह्यातले कापसाच्या बाजारपेठेचे गाव. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद लोहमार्ग या भागातून गेला, आणि येथला कापूस गाठींच्या रूपाने बाहेर जाऊन कापड होऊन परतू लागला. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. येथील बायकांच्या बोहरणीत पैठणी असली तर क्वचित, पण नारायणपेठी आणि इरकली लुगडी नेहमीची. लुगडे मोजायचे ते हातांनी किंवा वारांनी. नऊ वार म्हणजे अठरा हात. आठ वारांची लुगडी मिळत, तशी दहा वारांचीही. अंगाने मोठी असलेली बाई लांब लुगडे मागे, आणि त्या मागणीत लाजण्यासारखे काही नव्हते. उंच बाईही तेच मागे. मोजले जाई ते कापड. नेसणारीचे शरीर दुकानदाराच्या वहीत कुठेच लिहिले जात नसे.

शोभण्याचा विचार मात्र तेव्हाही बारकाईने होत असे. खळीचे जाड सुती लुगडे अंगावर फुगते, मऊ सूत चापून बसते. रुंद काठ ठेंगण्या बाईला आणखी ठेंगणी दाखवतो. काळी चंद्रकळा अंगलट सावरून घेते. हे शास्त्र कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते दुकानातल्या गादीवर, सासू, नणंद आणि शेजारीण यांच्या साक्षीने ठरत असे. जाणता दुकानदार पुढे केलेले लुगडे स्वतःच बाजूला सारून म्हणे, "आक्का, हे फुगंल तुम्हाला. हे बघा." फुगणार असे ते लुगडे. दोष कापडाला लागे.

चोळीचेही तसेच. खण विणला जाई गुळेदगुड्डला, आजच्या बागलकोट जिल्ह्यात, आणि एका चोळीपुरते कापड म्हणून तो विकला जाई. घरीच बेतलेल्या त्या चोळीला पुढे गाठ असे. बाळंतपणाआधी आणि नंतर, तिशीत आणि पन्नाशीत, गाठ सैल वा घट्ट करून चोळी अंगाशी जुळवून घेता येई. कमी पडलेच तर बगलेत कळी घालावी.

या वस्त्रांमागे शरीराविषयीची एक दृष्टीही होती. पैठणच्या सातवाहनांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाथासप्तशतीपासून राजा रविवर्म्याच्या १८९४ मध्ये सुरू झालेल्या छापखान्यातल्या तसबिरींपर्यंत, भरल्या अंगाची स्त्री हीच देखणी स्त्री होती. दुष्काळ ज्यांच्या पाचवीला पुजलेला, त्या मराठवाड्यात तर 'अंगाने भरलेली', 'खात्यापित्या घरची' ही विशेषणे कौतुकाची होती. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला सुनेचे अंग भरलेले दिसले की घर सुखात आहे असे वाटे.

दुसरा टप्पा शिवणयंत्राने आणला. सिंगरचे पेटंट १८५१ चे. कलकत्त्यात 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली १९३० च्या दशकात. गाठीची चोळी मागे पडून बटणांचे पोलके आले, नऊवारीच्या जागी पाचवारी आली आणि इंचांची फीत प्रथमच स्त्रीच्या शरीराभोवती फिरली. शिंप्याचा धंदा या भागाला नवा नव्हता. संत नामदेव शिंपीच, आणि त्यांच्या नावाशी जोडलेले नरसी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. पण परपुरुषाने माप घेण्याचा संकोच होता, म्हणून बायकांनी एक सुंदर पळवाट काढली: मापाचे पोलके. चांगले बसणारे जुने पोलके पिशवीत घालून द्यायचे आणि सांगायचे, "असंच शिवा, जरा दंडात सैल ठेवा." माप आता शरीराचे झाले होते, तरी ते एकाच शरीराचे होते आणि शिवणीत माया होती.

तिसरा टप्पा दूरवर सुरू झाला. लिथुएनियाहून न्यूयॉर्कला गेलेल्या लीना ब्रायंट या शिवणकाम करणाऱ्या विधवेने १९०४ मध्ये दुकान थाटले. गर्भवतींचे कपडे करता करता तिला दिसले की स्थूल स्त्रियांकडे तयार कपड्यांचा बाजार पाहतच नाही. तिने आपल्या हजारो गिऱ्हाइकांची मापे गोळा केली आणि 'लेन ब्रायंट' ही पेढी त्यावर उभी राहिली. पुढे १९३९-४० मध्ये अमेरिकी सरकारने सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे मात्र हिशेबातून वगळली गेली. या आकड्यांच्या आधारे १९५८ मध्ये मापांचे प्रमाण जाहीर झाले. १९८३ मध्ये ते मागे घेतले गेले. तोवर मूळ कल्पना जगभर रुजली होती: आधी साचा, मग शरीर. जी साच्यात बसत नाही ती 'जादा'. 'प्लस' या शब्दाला कशाच्या तरी तुलनेत अधिक असावे लागते. ते 'कशाच्या तरी' कोणी ठरवले, हे दुकानाच्या काउंटरवर कोणी विचारत नाही.

सेलूत हा टप्पा पंजाबी ड्रेसबरोबर आला. आरंभी ड्रेसचे कापड घेऊन ते शिवून घेत, पुढे तयार कुर्ते आले आणि त्यांच्या गळ्याशी इंग्रजी अक्षरे आली. अशाच एका दुकानात माझ्या मावशीबरोबर मी उभी होते. भाचीच्या लग्नासाठी तिला गर्द जांभळा कुर्ता हवा होता. विकणाऱ्या मुलाने तिच्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या मापात नाही येत." त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. मावशी हसली, रुमाल घेतले आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आता रात्रीचं जेवण बंद करते." तिच्या आईला गादीवर बसून ऐकावे लागले असते ते एवढेच, की हे लुगडे फुगते. दोष कापडाकडून शरीराकडे सरकला तो असा, दोन पिढ्यांत.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा नाही. त्याच लुगड्याच्या काळात अनेक विधवांना लाल अलवणाखेरीज निवड नव्हती, आणि पुरे नऊ वार विकत घेणे रोजगारी बाईला परवडत नसे. पंजाबी ड्रेसने मुलींना सायकल दिली, कॉलेजची वाट दिली. तयार कपड्याने नोकरदार बाईचे शिंप्याकडचे हेलपाटे वाचवले. हे कोणीही परत करणार नाही, करूही नये. प्रश्न एवढाच, की सोय घेताना माया का सोडावी लागली.

२०१८ मध्ये भारतीयांच्या अंगमापांचा स्वतंत्र तक्ता करण्याचा प्रकल्प घोषित झाला: राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांत २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घ्यायची. तोवर येथील कपड्यांवर परक्या मापांचाच पगडा होता. तक्ता आपला असणे केव्हाही चांगलेच. पण सरासरी आपली झाली तरी ती सरासरीच. तिच्या बाहेर कोणीतरी उरणारच.

मावशीने शेवटी जांभळे कापड घेतले आणि गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे नेले. त्यांनी काही विचारले नाही. मापाचे झंपर मागून घेतले, कापड पसरले आणि खडूची रेघ शिवणीच्या दोन बोटे बाहेर ओढली.