गोवा जनमत कौल, १९६७

गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळा ठेवावा, या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, तर वेगळेपणाचे दोन पाने असे होते. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा, या विरोधकांच्या मागणीनुसार महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी मतदानापूर्वीच, डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला होता. कौल १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० मतांनी विलीनीकरणाच्या विरोधात गेला.

ज्या मागणीसाठी पक्ष स्थापन झाला तीच जनतेने नाकारल्यावर त्याचा नेता राजकारणातून बाहेर फेकला जाणे स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात मार्च १९६७ च्या निवडणुकीत ३० पैकी १६ जागा याच पक्षाला मिळाल्या व एप्रिलमध्ये बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष कौल जिंकूनही विरोधी बाकांवरच राहिला. मतदारांनी मागणी आणि नेता यांचा निवाडा वेगवेगळा केला. १९६४ चा कूळ कायदा व खेडोपाडी उघडलेल्या प्राथमिक शाळा यांमुळे बहुजन समाज बांदोडकरांना आपला मानत होता. ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते.