पाणी नेमके कोणी बाटवले?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे बाटले म्हणत सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दह्याच्या १०८ घागरी मंत्रघोषात त्यात सोडल्या. याला म्हणे शुद्धीकरण!

आज याच रायगडात रोह्याची कुंडलिका प्रदूषित नद्यांच्या सरकारी यादीत आहे. काठावर धाटावचे रासायनिक कारखाने. तिच्यासाठी कोणी घागर उचलली नाही. विटाळ माणसाचा मानला, रसायनाचा नाही.

कचऱ्याचेही तेच. ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करा, असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. न केल्यास फुटक्या काचा, सुया, वापरलेले पॅड हाताने कोण निवडतो? बहुतेक आपलीच माणसे. म्हणून वर्गीकरण हा आम्ही जातीअंताचा प्रश्न मानतो, आणि नगरपालिकेकडे पहिली मागणी हातमोजे-बुटांची, कायम नोकरीची करतो.