नागपूरचा नॉयर : एक सही आणि दीडशे कोटी

'डबल इन्डेम्निटी' (१९४४) ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विमा एजंट वॉल्टर नेफ एका गिऱ्हाइकाच्या बायकोच्या प्रेमात पडतो. दोघं मिळून नवऱ्याचा अपघात विमा काढतात आणि मग त्याचा काटा काढतात. या गोष्टीमागे न्यूयॉर्कचं १९२७ चं रूथ स्नायडर खून प्रकरण आहे. लोकांना त्यातली बाई आठवते. मला मात्र विम्याचा कागद आठवतो. नवऱ्याला वाटतं आपण गाडीच्या विम्यावर सही करतोय. आपण कशावर सही केली हे त्या माणसाला मरेपर्यंत कळत नाही.

आता या आपल्या नागपुरात. साल २००१-०२. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. पैसा कोणाचा? शेतकऱ्यांचा, गावच्या सोसायट्यांचा, साध्या ठेवीदारांचा. ठेवींचा काही भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, आणि यापेक्षा सुरक्षित जागा नाही असं आपण समजतो. बँकेने होम ट्रेड आणि आणखी काही दलाल कंपन्यांमार्फत रोखे घेतले. पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. हाती राहिले फक्त कागद. आकडा सुमारे १५० कोटी! वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही याच होम ट्रेडच्या फेऱ्यात सापडल्या.

यात बाई कुठं आहे, असं विचाराल. बाई नाही, पण भुरळ होती ना! होम ट्रेडच्या जाहिरातीत सचिन, शाहरुख, हृतिक. कंपनी नेमकं करते काय, हे जाहिरात पाहून कोणाला सांगता आलं नसतं. देखणा चेहरा दिसला की माणूस हिशोब मागत नाही. नॉयरमधलं प्रेम धोक्याचं असतं ते याच कारणाने.

आणि नेफसारखंच इथंही. तिजोरी फोडायला कोणी रात्री आलं नाही. ज्यांना नियम पाठ, त्यांच्याच हातून दिवसाढवळ्या, शिक्क्यानिशी झालं.

फरक शेवटात आहे. त्या काळच्या हॉलिवूडमध्ये गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा दाखवणं बंधनकारक होतं, दोन तासांत निकाल. आपल्याकडे २००२ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि निकाल लागला २२ डिसेंबर २०२३ ला. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जण दोषी, पाच वर्षांची शिक्षा, तिघे निर्दोष. केदारांची आमदारकी गेली. त्यांनी अपील केलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला.

मधल्या काळात काय झालं ते कोणी सांगत नाही. २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागपूर, वर्धा, बुलढाणा या बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. त्याला थकलेली कर्जंही कारण होती, मान्य. पण पेरणीच्या तोंडावर पीककर्जासाठी जिल्हा बँकेकडे जाणारा शेतकरी अडला तो अडलाच. २०१४ मध्ये केंद्र, राज्य आणि नाबार्डच्या पैशातून या बँका सावरायचं ठरलं. म्हणजे भगदाड बुजवलं तुमच्या-माझ्या खिशातून.

पक्ष कोणताही असो, माझा प्रश्न एवढाच : सिनेमात मेलेल्या नवऱ्याने निदान स्वतः सही केली होती. आपल्या ठेवीदाराने कुठं केली होती?

तुमच्या घरी कोणाचे पैसे अडकले होते का? लिहा खाली. हा इतिहास आपणच लिहून ठेवला पाहिजे.