इस्माईल युसूफ कॉलेज : समाजाच्या देणगीतून उभं राहिलेलं सरकारी महाविद्यालय

मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला, टेकडीवर, इस्माईल युसूफ कॉलेज आहे. लोकलने रोज जाणाऱ्या हजारो मुस्लिम कुटुंबांना हे नाव ओळखीचं आहे. पण हे कॉलेज कोणाच्या पैशातून उभं राहिलं, ते सरकारी का आहे आणि आपल्या मुलामुलींना तिथे काय मिळू शकतं, याची माहिती फार थोड्यांना असते. बारावीचा निकाल लागला की घरोघरी कॉलेजची चर्चा सुरू होते, म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

देणगी आणि स्थापना

सर मोहम्मद युसूफ हे मुंबईचे नामांकित मुस्लिम जहाज-व्यावसायिक. समाजातल्या पोरांनी शिकावं, हुन्नर शिकून पायावर उभं राहावं, ही त्यांची तळमळ. मुंबई बंदरासमोरच्या न्हावा इथे खलाशी प्रशिक्षणाची संस्था त्यांनीच सुरू केली. ती पुढे 'ट्रेनिंग शिप रहमान' या नावाने ओळखली गेली. मुस्लिम तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी १९१४ साली त्यांनी तेव्हाच्या मुंबई सरकारला ८ लाख रुपये दिले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. पण देणगी आणि कॉलेज यांच्यात तब्बल सोळा वर्षं गेली. १९३० साली कॉलेज सुरू झालं आणि त्याला सर मोहम्मद युसूफ यांच्या वडिलांचं नाव देण्यात आलं. मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं हे सर्वांत जुनं कॉलेज.

सरकारी म्हणजे काय?

पैसा समाजातल्या माणसाचा असला तरी कॉलेज पहिल्यापासून सरकारचं आहे. हा फरक नीट समजून घ्यायला हवा. नागपाड्याचं महाराष्ट्र कॉलेज किंवा अंजुमन-ए-इस्लामची कॉलेजं समाजाच्या संस्था चालवतात. घटनेच्या कलम ३० नुसार त्यांना अल्पसंख्याक संस्थांचे अधिकार आहेत. इस्माईल युसूफ कॉलेजला तसा दर्जा नाही. तिथे सर्व जातीधर्मांची मुलं शिकतात, प्रवेश सरकारच्या नियमांनी होतो आणि प्राध्यापकांची नेमणूक शासन करतं. फी खासगी कॉलेजांच्या मानाने कमी असते, ही मोठी सोय. कला, विज्ञान आणि वाणिज्य या तिन्ही शाखा इथे आहेत. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम ही मुंबईतली जुनी सरकारी कॉलेजं २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. इस्माईल युसूफ मात्र मुंबई विद्यापीठाशीच संलग्न राहिलं.

कॉलेजच्या जागेवर इतर संस्था उभारण्याचे प्रस्ताव वेळोवेळी पुढे आले, तेव्हा समाजातून आणि माजी विद्यार्थ्यांकडून विरोध झाला. ज्या हेतूने देणगी दिली, त्याच कामी जागा आणि इमारत यावी, एवढंच म्हणणं. ते रास्तही आहे.

इथे शिकलेले, शिकवलेले

लेखक-अभिनेते कादर खान या कॉलेजचे विद्यार्थी. कामाठीपुऱ्यातल्या गरिबीत वाढलेला हा मुलगा महापालिकेच्या शाळेतून इथे आला, पुढे इंजिनिअर झाला आणि भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात शिकवू लागला. सिनेमा त्यानंतरचा. 'मेरी आवाज सुनो' आणि 'अंगार'च्या संवादांसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं आणि २०१९ मध्ये मरणोत्तर पद्मश्री. उर्दूचे नामवंत अभ्यासक सय्यद नजीब अशरफ नदवी यांनी या कॉलेजात उर्दू शिकवली. नंतर ते अंजुमनच्या उर्दू संशोधन संस्थेत गेले.

कॉलेजचं वर्ष कसं पाहावं?

दरवर्षी कॉलेजं पारितोषिक समारंभ करतात, फोटो छापून येतात. पण कॉलेज खरंच कसं चाललंय हे फोटोवरून कळत नाही. नॅक मूल्यांकन झालेल्या प्रत्येक कॉलेजला वार्षिक गुणवत्ता अहवाल द्यावा लागतो आणि तो वेबसाइटवर ठेवावा लागतो. कोणत्याही कॉलेजचा हा अहवाल उघडून पालकांनी पुढच्या गोष्टी बघाव्यात :

– मंजूर पदांपैकी किती प्राध्यापक प्रत्यक्षात भरलेले आहेत. सरकारी कॉलेजांचं खरं दुखणं बहुतेक वेळा इथेच असतं.
– शेवटच्या वर्षाला बसलेले किती, पास किती.
– किती मुलांना शिष्यवृत्ती मिळाली.
– किती जण पुढे शिकायला गेले, किती जणांना नोकरी लागली.
– विद्यापीठ, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळ आणि सांस्कृतिक स्पर्धांत किती बक्षिसं आली.
– समाजोपयोगी कार्यक्रम किती झाले आणि त्यात मुलं किती होती.

शेवटचा मुद्दा कमी लेखू नका. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. रक्तदान, साक्षरता, वस्तीची पाहणी अशी कामं मुलं करतात. मोहल्ल्यातल्या मुलींना चार लोकांसमोर उभं राहून बोलायची सवय अनेकदा इथेच लागते. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडने मिळालं, तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखतीचा मार्ग उघडतो. आपल्याकडे हे कितीजणांना माहीत आहे?

पालकांनी काय करावं?

प्रवेश घेतानाच महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधी तयार ठेवा. मोमीन, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार अशा ओबीसीत येणाऱ्या बिरादरींनी जात प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत काढावं. कागद अपुरे म्हणून दरवर्षी हक्काची सवलत हातची जाते.

सच्चर समितीने २००६ मध्ये सांगितलं होतं की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एकच मुस्लिम आहे, आणि पदव्युत्तरला ५० मागे एक. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत आपण साडेअकरा टक्के होतो. हे अंतर नुसत्या तक्रारीने भरून निघणार नाही. सर मोहम्मद युसूफ यांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेली रक्कम हा सदका-ए-जारिया आहे. तो जारी ठेवायचा तर आपली मुलं त्या वर्गात बसली पाहिजेत, माजी विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या कामात लक्ष घातलं पाहिजे आणि रिकाम्या पदांबद्दल सरकारला प्रश्न विचारत राहिलं पाहिजे.